दारू सोडणाऱ्यांसाठीं गांवांत एक घर हवें

शेतीचें उत्पन्न कसें वाढेल याविषयीं या मासिकांत दर महिन्यास लिहिलें जातें. बियाणें, खत, धानावरील तुडतुडा, बोडीची दुरुस्ती हे विषय आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. परंतु बांधींत पिकलेलें धान विकून आलेला पैसा शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचतो किंवा नाहीं, हा प्रश्न शेतकीचा नव्हे असें समजून आपण तो आजवर कीर्तनकारांवर आणि पोलिसांवर सोंपवून दिला आहे. आमच्या मतें ही वांटणी चुकीची आहे. ज्या घरांतील कर्ता पुरुष दारूच्या आधीन झाला, त्या घरची काळी कसदार जमीनही पडीक राहते. ऐन रोवण्याच्या तोंडावर बैलजोडी विकली जाते. सोसायटीचें पीककर्ज थकतें, आणि धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्यास त्याच्या बांधींतील तण आणि फुटलेली पार यांचा त्रास वर्षानुवर्षे सोसावा लागतो. इतकें झाल्यावर हा विषय शेतकीचा नाहीं असें कोणी म्हणावें?

आजच्या लेखाची मर्यादा आरंभींच सांगून ठेवतों. दारूबंदी असावी कीं नसावी, हा वाद येथें मांडावयाचा नाहीं. दारू सोडण्याची ज्यास इच्छा झाली, ज्यानें शिबिरांत किंवा दवाखान्यांत जाऊन ती सोडली, आणि जो परत आपल्या गांवीं आला, त्या मनुष्यास सायंकाळीं बसावयास गांवांत जागा कोठें आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तरीपण बंदीचा इतिहास थोडक्यांत आठवणें जरूर आहे. जुन्या चांदा जिल्ह्याचे १९८२ मध्यें दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला. पुढें ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या जिल्ह्यांत दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. गांवोगांव ठराव झाले; डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था, ठिकठिकाणचे आदिवासी कार्यकर्ते, स्त्रियांचीं मंडळें अशा अनेकांनीं तींत भाग घेतला. आणि १९९३ मध्यें सरकारनें त्या जिल्ह्यांत दारूबंदी लागू केली. ती आजही कायम आहे. चंद्रपूरची कथा निराळी. तेथें २०१० मध्यें चिमूरहून निघालेल्या स्त्रिया पायीं चालत नागपूरच्या विधानभवनापर्यंत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. आणि मे २०२१ मध्यें मंत्रिमंडळानें ती उठविण्याचा निर्णय केला. म्हणजे वैनगंगेच्या एका कांठावर बंदी व दुसऱ्या कांठावर परवान्याचें दुकान, अशी आजची स्थिति आहे. मध्यें पूल आहेत, आणि पुलांना कायदा वाचतां येत नाहीं.

चंद्रपूरची बंदी उठली तेव्हां दोन्ही बाजूंनीं पुष्कळ बोललें गेलें. सरकारचा महसूल किती बुडाला, चोरटी दारू किती वाढली, तुरुंगांत कोण गेलें, बंदी असतांना घरांतील मारहाण किती थांबली, याची चर्चा झाली. परंतु त्या सहा वर्षांत ज्यांची दारू खरोखरच सुटली होती, त्यांचें यापुढें काय होणार, हें विचारणारा आवाज त्या गलबल्यांत आमच्या कानीं फारसा आला नाहीं. आम्ही स्वतः बंदीच्या बाजूचे आहों. दुकान नजरेआड असलें म्हणजे नव्यानें लागणारीं पोरें वांचतात, आणि स्त्रियांनीं मतदान करून बाटली आडवी केलेल्या गांवांत रात्रीं निवांत झोंप लागते, हें नाकबूल करणारा मनुष्य खेड्यांत राहिलेला नसावा. पण कायद्याची धांव दुकानाच्या कुलुपापर्यंत. ज्याचें शरीर वीस वर्षें दारूवर चाललें, त्याला कुलूप पाहून तहान लागावयाची थांबत नाहीं. तो नदी ओलांडतो, नाहीं तर मोहाच्या भट्टीची वाट धरतो.

अशा मनुष्यासाठीं कांहींच होत नाहीं असें मात्र नाहीं. पुण्यास १९८६ मध्यें डॉ. अनिता अवचट यांनीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें. अनिल अवचट यांची गर्दच्या व्यसनावरील लेखमाला आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांचें साहाय्य हें त्याचें निमित्त झालें. तेथें बरे झालेले रुग्णच पुढें कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांस सांभाळतात, ही त्या संस्थेची मोठी शिकवण आहे. आपल्या भागांत 'सर्च'ने शोधग्रामीं व्यसनमुक्तीचीं शिबिरें चालविलीं, आणि २०१६ पासून सरकार, टाटा ट्रस्ट व 'सर्च' यांनीं मिळून 'मुक्तिपथ' हें काम गडचिरोली जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांत आरंभिलें. दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध गांवसंघटना, तालुक्याच्या ठिकाणीं उपचाराची सोय, गांवांतच भरणारीं शिबिरें, असें त्याचें स्वरूप आहे. सबंध देशाची स्थिति पाहिली तर एवढी सोयही दुर्मिळच. केंद्र सरकारनें दिल्लीच्या 'एम्स'कडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, दारूच्या पूर्ण आधीन झालेल्या दर ३८ मनुष्यांपैकीं एकासच कांहीं ना कांहीं उपचार मिळतो.

येथें एक सावधगिरीची सूचना दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. रोज पुष्कळ पिणाऱ्या मनुष्यास घरांत कोंडून एकदम दारू तोडणें धोक्याचें आहे. पहिल्या दोन दिवसांत त्यास फेफरें येऊं शकतें; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हात कांपणें, घाम, भास, भ्रम हीं लक्षणें वाढून प्राणावरही बेततें. गांवांत त्यास 'बाहेरचें' झालें म्हणतात आणि पुजाऱ्याकडे नेतात. न्यावयाचें तें दवाखान्यांत. तेथें दिलेलीं औषधें व ब-१ जीवनसत्त्व यांनीं हे दिवस सुखरूप पार पडतात. दुसरें असें कीं, नवऱ्याच्या नकळत भाजींत मिसळून देण्याची पावडर बाजारांत मिळते, आणि कावलेल्या बायका ती घेतात. अशा भुकटींत दारूशीं न जुळणारें औषध असेल, आणि वर तो दारू प्याला, तर उलट्या होऊन, छाती धडधडून, रक्तदाब घसरून मनुष्य दगावूं शकतो. तें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें व रोग्याच्या संमतीनें घेतल्यास उपयोगी आहे. चोरून दिल्यास विषासारखें आहे.

असो. समजा कीं हे दिवस पार पडले. शिबिर संपलें, मनुष्य हारतुरे घेऊन गांवीं आला. आतां त्याची खरी कसोटी लागते, आणि ती लावणारे आपणच असतों.

खेड्यांतील दिवस कामांत जातो. सायंकाळीं सहा ते नऊ हे तीन तास मात्र त्या मनुष्याच्या अंगावर येतात. आजवर याच वेळीं तो पीत असे. त्याचे सोबती याच वेळीं भेटत. सुखदुःख, जमिनीचा तंटा, मुलीचें लग्न, सारें त्याच बैठकींत बोललें जाई. दारू सोडली तेव्हां त्यानें एक पेय सोडलें असें आपणांस वाटतें. वस्तुतः त्याची बैठक गेली, मित्र गेले, आणि गांवांतील त्याची जागाही गेली. घरांत बसावें तर बायको संशयानें तोंडाचा वास घेते, मुलें दूर सरकतात. इतक्या वर्षांचा धाक पंधरा दिवसांच्या शिबिरानें जात नाहीं. पारावर जावें तर लोक हंसून विचारतात, 'काय पाटील, किती दिवस?' पानठेल्यावर जावें तर तेथें खर्रा आहे, आणि खर्ऱ्याबरोबर जुने सोबती आहेत. तिसऱ्या-चवथ्या आठवड्यांत तो 'आजच्या दिवस' म्हणून जातो. घसरणारांपैकीं पुष्कळजण पहिल्या तीन महिन्यांतच घसरतात, हा या कामांतील सर्वांचा अनुभव आहे.

त्यांत आपल्या भागाचें वर्षच असें आहे कीं, हातीं रोकड पैसा आणि मोकळा वेळ हे दोन्ही एकदम येतात. चैत्रांत मोह गळतो, वैशाखांत तेंदूपत्त्याचे पैसे येतात. आषाढ-श्रावणांत रोवणे, पावसानें भिजून, दिवसभर चिखलांत वांकून अंग मोडून गेलेलें, आणि 'थंडी मारावयास' घोटभर घेणें यांत कोणास वावगें वाटत नाहीं. मग पोळा, पोळ्याची कर. दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्ररात्र झाडीपट्टीचीं नाटकें होतात. वडशाच्या मंडळ्या गांवोगांव फिरतात. या नाटकांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तंबूच्या मागें काय विकलें जातें, तें आयोजकांस ठाऊक नसतें असें नाहीं. त्यानंतर धानाचा चुकारा बँकेंत जमा होतो. त्याच आठवड्यांत भट्टीवाला वर्षाची उधारी मागावयास दारांत येतो. सावकाराइतकीच त्याची वही पक्की असते. दारू सोडलेल्या मनुष्यास ही जुनी उधारी मोठी जाचक ठरते. कारण देणें फेडण्यास भट्टीवर गेलें कीं पहिला पेला फुकट मिळतो.

आतां आपल्या स्वतःच्या वर्तनाकडे वळूं. आमचे वाचक जमीनवाले आहेत, मजूर लावणारे आहेत. रोवणा आटोपला कीं गड्यांस खुशाली म्हणून दारूचे पैसे देण्याची चाल आपल्यापैकीं कित्येकांच्या येथें अद्यापि चालू आहे. मजुरी चार आणे कमी देऊन खुशाली मोकळ्या हातानें देणारा मालक उदार म्हणविला जातो! पाडव्यास सालदार ठरवितांना 'पितो कीं नाहीं' हें आपण कसोशीनें विचारतों, आणि पोळ्याच्या दिवशीं त्यासच बाटलीचे पैसे देतों. सालदार दारू सोडून आला, तर त्या खुशालीच्या टोळींत त्यास उभें करूं नये, त्याचे पैसे धान्याच्या किंवा कापडाच्या रूपानें द्यावे, एवढी साधी गोष्ट कितीजणांस सुचते? आणि ज्यांच्या घरांत मुलाच्या लग्नांत मद्याची निराळी पंगत बसते, त्यांनीं गड्यांच्या व्यसनावर बोलूं नये हें बरें. व्यसन जात पाहत नाहीं, सातबाराही पाहत नाहीं. मोठ्या शेतकऱ्याचें व्यसन वाड्याच्या मागल्या खोलींत झांकलें जातें, इतकाच फरक.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, ज्या गांवांत दारू सोडलेले चार मनुष्य असतील, त्या गांवांत त्यांच्यासाठीं एक बैठकघर असावें. दवाखाना नको, शाळा नको, देऊळही नको; रोज सायंकाळीं उघडें असणारें, दिवा, चटई, चहा आणि चार समदुःखी माणसें असलेलें घर.

ही कल्पना आमची नवी नव्हे. अमेरिकेंत १९३५ मध्यें एक दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही मद्यपी, एकमेकांस भेटले आणि एकमेकांशीं बोलत राहिल्यानें दोघांचीही दारू सुटली. त्यांतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मंडळी जगभर पसरली. हिंदुस्थानांत ती १९५७ पासून आहे. तिच्या सभेंत फी नाहीं, नांव विचारीत नाहींत, उपदेशक नसतो. त्याच देशांत न्यूयॉर्क शहरीं १९४८ मध्यें मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्या लोकांसाठीं 'फाउंटन हाउस' नांवाचें घर निघालें. तें व्यसनी लोकांसाठीं नव्हतें, तरी त्याची रीत आपण उचलण्याजोगी आहे. तेथें येणारास रोगी म्हणत नाहींत, सभासद म्हणतात. आणि पगारी नोकर मुद्दामच इतके थोडे ठेवितात कीं, सभासदांनीं हात लावल्यावांचून घराचें काम चालूंच नये. स्वयंपाक, हिशेब, झाडलोट, टपाल, सर्व त्यांच्याकडे. मनुष्याला आपली गरज आहे असें वाटलें तर तो टिकतो, हें मर्म त्या लोकांनीं ओळखलें. आपल्याजवळ वरोऱ्यास बाबा आमटे यांनीं आनंदवनांत हेंच केलें नाहीं काय? ज्यांस गांवानें हांकून दिलें त्या कुष्ठरोग्यांच्या हातीं त्यांनीं कुदळ दिली, आणि खडकाळ माळावर विहिरी व शेतें झालीं.

आपल्याच भागांतील रीतींकडे पाहिलें तर आणखीही धडे सांपडतात. माडिया व गोंड गांवांत गोटुल आहे. गांवानें एकत्र बसण्याची ती जागा. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें सर्वसहमतीनें निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटांत बसून विषय समजून घेण्याची जी वहिवाट पाडली, ती प्रसिद्धच आहे. तेथें कोणी कोणास व्याख्यान देत नाहीं, सगळे मिळून विचार करतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं चालू केलेली सामुदायिक प्रार्थना आजही पुष्कळ गांवीं ठरल्या वेळीं होते, आणि ती वेळ नेमकी सायंकाळची आहे. महाराजांस खेडें ठाऊक होतें. ही वेळ त्यांनीं उगीच निवडली नसेल असें आम्हांस वाटतें. वारकऱ्याची माळही तशीच. तुळशीची माळ गळ्यांत घालून दारू सुटलेलीं माणसें महाराष्ट्रांत हजारों आहेत. माळेच्या सामर्थ्याबद्दल भाविकांनीं आपलें मत ठेवावें. आम्हांस दिसतें तें असें कीं, माळ घालणारास दिंडी मिळते, रात्रीं भजनास जागा मिळते, वर्षाची एक वाट मिळते. एक बैठक सुटली तर दुसरी हातीं येते.

मग नवें घर कशास, भजनी मंडळांतच यांस पाठवावें, असें कोणी म्हणेल. ज्यास तें मानवेल त्यानें अवश्य जावें. परंतु कित्येकांस भजनांत जीव लागत नाहीं, कित्येकांस देवळाच्या पायरीवर आजही मोकळेपणें बसूं देत नाहींत, आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, भजनांत 'काल मला फार तलफ आली होती, भट्टीच्या वाटेनें अर्धा कोस गेलों आणि परत फिरलों' असें बोलतां येत नाहीं. तें बोलावयास तेंच भोगलेला मनुष्य समोर हवा. पारावरील शहाण्यास तें सांगितलें तर दुसऱ्या दिवशीं गांवभर होतें.

या घराचे नियम थोडे व कडक असावे. दारू पिऊन आलेल्यास त्या रात्रीं आंत घेऊं नये. पण दुसऱ्या दिवशीं तो शुद्धीवर आला तर त्यास दार उघडें असावें, आणि कितव्यांदा घसरला याची मोजदाद करूं नये. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण रोग्यास दवाखान्यांतून हांकलीत नाहीं. आंत बोललेलें बाहेर जाऊं नये. पुढाऱ्यांस उद्घाटनास बोलावूं नये आणि छायाचित्रें काढूं नयेत. दारू सोडणाऱ्याचें नांव फलकावर लिहिणें म्हणजे तो पुन्हां प्याल्यास गांवास तमाशाची सोय करून ठेवणें होय. खर्ऱ्याचा प्रश्न अवघड आहे. दारू सोडलेले पुष्कळजण खर्रा दुप्पट खातात, आणि आपल्या जिल्ह्यांत खर्रा हा पाहुणचार झाला आहे. पहिल्याच दिवशीं दोन्ही सोडा म्हणून हट्ट धरावा कीं नाहीं, याविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पण घराच्या आंत तो घोटला जाऊं नये, हें आमचें स्पष्ट मत आहे.

आठवड्यांतून एक दिवस घर बायकांचें असावें. पुण्याच्या मुक्तांगणांत रुग्णांच्या पत्नींसाठीं 'सहचरी' हा निराळा गट आहे, आणि तो निराळा असण्यास कारण आहे. नवऱ्याच्या व्यसनाच्या काळांत जिनें एकटीनें बांधी सांभाळली, कर्जाच्या कागदांवर अंगठे दिले, मार खाल्ला, तिला नवरा सुधारतांच 'आतां सर्व विसर' असें सांगणें अन्यायाचें आहे. शेताचा कारभार तिच्या हातीं आला होता. तो आतां कोणाकडे राहावा, चुकाऱ्याचे पैसे कोणाच्या खात्यांत यावे, यांवरून अशा घरांत नवीं भांडणें होतात आणि त्या भांडणांतून मनुष्य पुन्हां भट्टीवर जातो. पहिलें वर्षभर व्यवहार दोघांच्या सहीनें व्हावा, तोही नवऱ्यानें स्वतः कबूल केल्यावर, असा आमचा विचार आहे. त्याच्या हातून पैसा हिसकावून घेतला तर त्यास मुलाची पायरी येते. आणि सर्व त्याच्याच हातीं दिला तर तिचा जीव टांगणीस लागतो.

काम काय द्यावें? येथें शेतकरी मंडळांस पुष्कळ करतां येईल. बैठकघरास लागून दहा-पंधरा गुंठे जागा असली तर तींत भाजीपाला, रोपवाटिका होईल. मंडळाच्या धानाच्या बियाण्याची निवड, उफणणी, मिठाच्या पाण्यांत बुडवून पोंचट दाणा काढणें, पोत्यांवर चिठ्ठ्या लावणें, फवाऱ्याचे पंप व विळे-कुदळी यांची दुरुस्ती, हीं हलकीं व निगुतीचीं कामें सायंकाळच्या दोन तासांत होण्याजोगीं आहेत आणि त्यांची मजुरी रोख न देतां घराच्या वहींत जमा करतां येते. नागभीड तालुक्यांतील नांदेड येथले दादाजी खोब्रागडे यांनीं थोडक्या जमिनींत, ओंब्या निवडून निवडून, 'एचएमटी' धान काढलें. डोळा आणि सवड एवढेंच त्यांचें भांडवल होतें. दारू सोडलेल्या मनुष्यापाशीं सवड तर इतकी असते कीं ती त्यास खावयास उठते. भट्टीवाल्याची जुनी उधारी एकरकमी फेडण्यास मंडळानें बिनव्याजी उचल दिली, आणि ती पंचांनींच नेऊन पोंचविली, तर त्या मनुष्यास भट्टीची पायरी चढावी लागणार नाहीं. चोरट्या दारूचें देणें फेडूंच नये असें कायदा जाणणारे म्हणतील. तें बरोबर आहे. परंतु खेड्यांत राहणारास उधारीवाल्याचें तोंड रोज पाहावें लागतें.

आक्षेप येतीलच. पहिला असा कीं, हा दारुड्यांचा अड्डा होईल. अड्डा आजही आहे. तो नाल्याच्या कांठीं भरतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. चहा, साखर, वीज व चटया यांचा वर्षाचा खर्च एका मंडईच्या मांडवाहून पुष्कळ कमी येईल, हें ज्यानें मंडईची वर्गणी जमविली आहे तो जाणतो. तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. आदिवासी गांवांत मोह हा केवळ दारूचा कच्चा माल नाहीं. तो अन्न आहे, उत्पन्न आहे, आणि जन्म, लग्न, मृत्यु व देवकार्य यांत त्याचा मान आहे. बाहेरच्यांनीं येऊन मोहासच पापी ठरविलें तर लोक ऐकणार नाहींत, आणि ऐकूंही नये. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. देवाच्या कार्यास किती लागतो व धंद्यासाठीं किती गाळला जातो, यांतील भेद ग्रामसभेस जितका कळतो तितका आम्हांस किंवा तालुक्याच्या साहेबांस कळणार नाहीं. अशा गांवांत बैठकघर काढावयाचें तर तें गोटुलांत किंवा ग्रामसभेच्या जागेंत, त्यांच्या भाषेंत, त्यांच्याच माणसांनीं चालवावें. मंडळानें मागितली तेवढीच मदत करावी.

या घरांत येणारे सर्वच तरतील अशी आशा आम्ही दाखवीत नाहीं. दहांपैकीं कांहीं परत पितील. त्यांतील कांहीं पुन्हां येतील. एखादा यकृत सुजून मरेल, आणि ज्यानें त्यास चार महिने चहा पाजला त्याच्या मनास तें फार लागेल. शेतकऱ्यास हा हिशेब नवा नाहीं. पेरलेलें सर्व उगवत नाहीं म्हणून कोणी पऱ्हे टाकावयाचे थांबवीत नाहीं.

जागेचा प्रश्न उरतो. पुष्कळ गांवीं सोसायटीचें गोदाम ज्येष्ठापासून धान-खरेदी सुरू होईपर्यंत, म्हणजे कार्तिकापर्यंत, रिकामें किंवा अर्धें रिकामें असतें. नेमके हेच रोवण्याचे, पोळ्याचे आणि पावसाच्या लांब रात्रींचे महिने. त्या गोदामाची एक खोली येत्या रोवण्याच्या आंत झाडून, भिंतीस चुना देऊन मोकळी करावी. किल्ली सचिवाकडे किंवा सरपंचाकडे नसावी. ज्याची दारू सुटून वर्ष उलटलें असेल अशा मनुष्याच्या हातीं ती द्यावी, आणि त्यानें रोज सहाच्या ठोक्यास दार उघडावें, मग कोणी येवो वा न येवो. तालुक्याच्या मुक्तिपथ कार्यालयांतून किंवा सरकारी दवाखान्यांतून समुपदेशकास महिन्यांतून एकदां बोलवावें. १४४४६ हा केंद्र सरकारचा मोफत मदत-क्रमांक दाराच्या आंतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ज्या मंडळांस खोली देतां येण्याजोगी असेल, त्यांनीं आपल्या पुढील मासिक सभेंत तसा ठराव करून आम्हांस कळवावें. चटया आणि पहिल्या तीन महिन्यांचा चहा-साखरेचा खर्च कसा उभा करावयाचा, हें त्यांच्याशीं पत्रानें ठरवूं.